मॅलाकाइटची कृती लिहिण्याआधी

मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात धुण्याच्या सोड्याचे द्रावण ओतले की निळसर साका पडतो, हे शाळेत प्रयोगशाळेचे तोंड पाहिलेल्या कोणालाही ठाऊक असते. रसायनांच्या दुकानात ‘कॉपर कार्बोनेट’ म्हणून मिळणारी फिकट हिरवी पूडही जवळपास याच मार्गाने आलेली असते. त्यामुळे आमच्याकडे चित्रकला शिकवणाऱ्या एका सहकाऱ्यांनी लघुचित्रांसाठी थोडे मॅलाकाइट, म्हणजे तांब्याचे हिरवे खनिज रंगद्रव्य, करून देता येईल का असे विचारले, तेव्हा होकार लगेच दिला. आराखडा कागदावर मांडायला बसल्यावर मात्र लक्षात येते की अभिक्रिया हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. साका पडायला काही मिनिटे पुरतात. त्या साक्याचे रंगद्रव्य होणार की नाही, हे त्यानंतरच्या तासांत ठरते, आणि बहुतेक छापील कृती नेमक्या त्याच ठिकाणी ‘गाळून वाळवा’ असे म्हणून संपतात.

सहकाऱ्यांना मॅलाकाइटच का हवे, हे आधी सांगतो. तांब्याचे हिरवे रंग अनेक आहेत. जुन्या पोथ्यांत आणि चित्रांत वापरलेले जंगाल हे तांब्याचे अॅसिटेट. ते दिसायला झळझळीत असते, पण कागदाला लागते, आणि कालांतराने हिरवा भाग तपकिरी होऊन तिथेच कागद तुटतो. मॅलाकाइट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून त्याचा हा उपद्रव पुष्कळच कमी असतो. अजिंठ्याच्या भिंतींवरचा हिरवा रंग मात्र तांब्याचा नव्हे. ती हिरवी माती आहे, आणि आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत सापडणारे सेलाडोनाइट तिच्याच कुळातले. मॅलाकाइटसाठी तांब्याच्या खाणीच्या वरच्या, हवापाण्याने कुजलेल्या थरापर्यंत जावे लागते. आपल्याला जवळचे उदाहरण म्हणजे बालाघाट जिल्ह्यातले मलाजखंड, गोंदियापासून फार लांब नाही. अशा खनिजाचा चांगल्या प्रतीचा दगड विकत घेऊन कुटण्यापेक्षा ते प्रयोगशाळेत करणे स्वस्त पडते, आणि विद्यार्थ्यांना त्यात शिकण्यासारखे बरेच आहे.

पहिला निर्णय निळ्या आणि हिरव्यामधला होता. तांब्याची दोन बेसिक कार्बोनेटे रंगद्रव्य म्हणून प्रसिद्ध आहेत. हिरव्या मॅलाकाइटमध्ये तांब्याच्या दोन आयनांमागे एक कार्बोनेट आणि दोन हायड्रॉक्साइड असतात. निळ्या अझुराइटमध्ये तांब्याच्या तीन आयनांमागे दोन कार्बोनेट आणि दोन हायड्रॉक्साइड. म्हणजे तांब्याच्या हिशेबाने पाहिले तर अझुराइटमध्ये कार्बोनेटचा वाटा अधिक आहे. अझुराइटच्या दोन घटकांनी पाण्याचा एक रेणू घेऊन कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू सोडला की मॅलाकाइटचे तीन घटक तयार होतात, आणि ही अभिक्रिया उलटही जाऊ शकते. आपल्या भोवतालच्या हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के असल्याने तोल मॅलाकाइटकडे झुकलेला असतो. अझुराइट स्थिर राहायला कितीतरी पट अधिक कार्बन डायऑक्साइड लागतो. म्हणूनच ते मुद्दाम करायचे झाले तर बंद भांडे, वायूचा दाब आणि थंडी यांची व्यवस्था करावी लागते.

सतराव्या शतकात लंडनमध्ये चांदी शुद्ध करणाऱ्या कारागिरांना हाच अनुभव आला होता, फक्त त्यांना त्याचे कारण सांगता येत नव्हते. चांदी नायट्रिक आम्लात विरघळवायची, त्या द्रावणात तांब्याचे पत्रे सोडून चांदी खाली बसवायची, आणि उरलेले कॉपर नायट्रेटचे निळे पाणी खडूच्या भुकटीवर ओतायचे, असा त्यांचा क्रम असे. त्यातून कधी सुंदर निळा रंग मिळे आणि कधी हिरवा. निळ्याला भाव अधिक असल्यामुळे हिरवा आला की घाणा वाया गेल्यासारखे वाटत असणार. थंडीत निळा साधतो आणि उष्णता वाढली की हिरव्याकडे जातो, हे आज आपल्याला माहीत आहे. ज्या गावात मार्चपासून प्रयोगशाळेतले पाणीच कोमट येते तिथे निळ्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. मॅलाकाइटच्या बाबतीत हवामान आपल्या बाजूचे आहे, तेव्हा हिरवा ठरला.

आता पदार्थांची निवड. तांब्यासाठी मोरचूदच घ्यायचा. नाशिक-सांगलीकडे द्राक्षबागांवर आणि कोकणात सुपारीवर बोर्डो मिश्रण मारण्यासाठी तो पोत्यांनी विकला जातो, पण शेतीसाठीच्या मोरचुदात लोह असू शकते. लोहाचा हायड्रॉक्साइड साक्यात उतरला तर हिरव्याला मातकट झाक येते आणि ती पुढे कोणत्याही उपायाने जात नाही. म्हणून एकतर शुद्ध प्रतीचा मोरचूद घ्यायचा, नाहीतर शेतीचा मोरचूद गरम पाण्यात विरघळवून, गाळून, पुन्हा स्फटिक पाडून घ्यायचे. क्लोराइड या कामात नको आहे, कारण तांब्याचे बेसिक क्लोराइडही हिरवेच असते आणि नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. नळाचे पाणी टाळून ऊर्ध्वपातित पाणी वापरण्याचे मुख्य कारण हेच. कॉपर नायट्रेट घेतले तर सल्फेटची पुढची कटकट उरत नाही, पण ते महाग आहे आणि हवेतली ओल ओढून घेते, त्यामुळे वजनाचा भरवसा राहत नाही.

कार्बोनेटसाठी धुण्याचा सोडा की खाण्याचा, यावर थोडा विचार करावा लागला. खाण्याच्या सोड्याने द्रावण कमी अल्कधर्मी राहते, ही चांगली गोष्ट. पण मॅलाकाइटच्या प्रत्येक मोलमागे कार्बन डायऑक्साइडचे तीन मोल सुटतात आणि फेसाने बीकर उतू जातो. धुण्याच्या सोड्यात तेवढ्याच मॅलाकाइटमागे एकच मोल सुटतो. मी निर्जल सोडियम कार्बोनेट निवडले आहे. बाजारचा स्फटिकमय धुण्याचा सोडा हवेत आपले पाणी हळूहळू सोडत राहतो, त्यामुळे आज तोललेल्या दहा ग्रॅममध्ये नेमके किती कार्बोनेट आहे हे सांगता येत नाही.

हिशेब असा. मोरचुदाचे सूत्रवस्तुमान २४९.७, म्हणून २५ ग्रॅममध्ये तांब्याचा ०.१ मोल. मॅलाकाइटचे सूत्रवस्तुमान २२१.१; तांब्याचे दोन मोल मिळून त्याचा एक मोल होतो, तेव्हा सगळे तांबे उतरले तर ११ ग्रॅमच्या आसपास पूड मिळेल. सोडियम कार्बोनेट बरोबरीने १०.६ ग्रॅम लागते. मी १२ ग्रॅम धरले आहे, म्हणजे सुमारे तेरा टक्के अधिक. दोन्ही पदार्थ प्रत्येकी २०० मिलिलिटर पाण्यात विरघळवले की मोरचुदाचे द्रावण अर्ध्या मोलरचे होते. सुटणारा कार्बन डायऑक्साइड खोलीच्या तापमानाला जास्तीत जास्त सव्वा लिटर भरेल, म्हणून ४०० मिलिलिटर द्रावणासाठी बीकर मात्र एक लिटरचा घ्यायचा.

कशात काय ओतायचे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, पण चुकीचा पदार्थ बहुधा इथेच जन्म घेतो. मोरचुदाचे द्रावण स्वतः आम्लधर्मी असते. त्यात सोडा थेंबथेंब घातला तर बराच वेळ सामू (pH) खालीच राहतो, आणि अशा स्थितीत कार्बोनेटऐवजी तांब्याचे बेसिक सल्फेट, म्हणजे ब्रोकँटाइट आणि त्याची भावंडे, खाली बसण्याची शक्यता असते. ब्रोकँटाइटही हिरवेच. तांब्याच्या जुन्या घुमटांवर आणि पुतळ्यांवर शहरी हवेत चढणारा हिरवा थर लोक सर्रास मॅलाकाइट म्हणून सांगतात, पण तो प्रामुख्याने ब्रोकँटाइटचा असतो; न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या अंगावरचा थरही तोच. उलट क्रमाने, म्हणजे सोड्याच्या द्रावणात मोरचूद सोडला, तर सामू चढा राहतो आणि सल्फेटला वाव मिळत नाही. मात्र सुरुवातीला कार्बोनेट फार जास्त असते, त्यामुळे द्रावण तीव्र असल्यास सोडियम आणि तांबे यांचे दुहेरी कार्बोनेट पडू शकते. चाल्कोनॅट्रोनाइट नावाचे हे निळे-हिरवे खनिज इजिप्तमधल्या प्राचीन कांस्यवस्तूंवरही सापडले आहे. सर्वांत चोख मार्ग म्हणजे दोन ब्युरेटमधून दोन्ही द्रावणे एकाच वेळी सोडून सामू ७ ते ८ यांच्यामध्ये धरून ठेवणे. विद्यार्थ्यांच्या हातून ते सारखे साधणार नाही, असे मला वाटते. म्हणून सोड्यात मोरचूद, सावकाश, आणि ढवळणी जोरात, असा क्रम लिहिला आहे. शेवटी सामू ८ च्या आसपास यायला हवा. त्यापेक्षा फार खाली आला तर सोड्याचे थोडे द्रावण वाढवायचे.

या टप्प्याला बीकरमध्ये जे असते ते मॅलाकाइट नसते. साका आकाशी निळा, फुगलेला आणि सायीसारखा लिबलिबित असतो. बीकर अर्धा तास स्थिर ठेवला तरी तो नीट खाली बसत नाही, आणि गाळणकागदावर घेतला तर कागदाची छिद्रे बुजवून टाकतो. क्ष-किरण विवर्तनात त्याला टोकदार शिखरे दिसत नाहीत, कारण तो अस्फटिकी आहे, म्हणजे त्यातल्या कणांची मांडणी स्फटिकासारखी नियमित नसते. याच घडणीचा पदार्थ निसर्गातही क्वचित सापडतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका खाणीतून आलेल्या अशा खनिजाचे जॉर्जाइट या नावाने १९७९ मध्ये वर्णन झाले. घाईने हा निळा साका गाळून, धुऊन वाळवला तर फिकट, निळसर, हलकी पूड मिळते आणि कृती यशस्वी झाली असे वाटते. पण ती अस्थिर असते. डिंकाच्या पाण्यात घोटल्यावर, ओल मिळाल्यावर तिचा रंग पुढे बदलत जाण्याचा धोका आहे, आणि चित्रकाराच्या दृष्टीने वाळल्यावर बदलणाऱ्या रंगाइतका त्रासदायक रंग दुसरा नाही.

तेव्हा साका ज्या द्रावणात पडला त्याच द्रावणात राहू द्यायचा. अस्फटिकी पदार्थ थोडाथोडा विरघळतो आणि मॅलाकाइटच्या स्फटिकांवर जाऊन बसतो. पाणी लवकर काढून टाकले की ही ये-जा थांबते. खोलीच्या तापमानाला या बदलाला काही तासांपासून एक-दोन दिवसांपर्यंत वेळ लागतो, गरम केल्यास तो लवकर होतो. बदल दिसतोही अगदी स्पष्ट. निळ्यात हिरवी झाक येऊ लागते, फुगलेला साका आकसून त्याचे घनफळ एकदम कमी होते, वरचे पाणी नितळ होते, आणि ढवळल्यावर तळाशी बारीक वाळूसारखा जड कण फिरताना दिसतो. गाळण चटकन होऊ लागले, हीसुद्धा स्फटिक तयार झाल्याची चांगली खूण आहे. मिथेनॉल तयार करण्यासाठी लागणाऱ्या तांबे-जस्ताच्या उत्प्रेरकांच्या उद्योगात या मुरण्याच्या पायरीचा फार बारकाईने अभ्यास झाला आहे, कारण तिथेही आधी जस्तमिश्रित मॅलाकाइटच करावे लागते आणि त्याची घडण पुढच्या उत्प्रेरकाचा गुण ठरवते. तिथे ६५ अंशांच्या आसपासचे तापमान रूढ आहे. रंगद्रव्यासाठी मी ५० अंशांच्या वर जाऊ इच्छित नाही. उकळत्या पाण्याजवळ गेले की तांब्याच्या ऑक्साइडची काळपट छटा येऊ शकते, आणि हिरव्यात मिसळलेला काळा काढता येत नाही.

एकाच साक्याचे भाग करून एक खोलीच्या तापमानाला आणि एक ५० अंशांना मुरवायचा, असे मी योजले आहे, कारण खरा प्रश्न कणाच्या आकाराचा आहे. मॅलाकाइट आणि अझुराइट यांचा रंग कणाच्या आकाराबरोबर विलक्षण बदलतो. भरड कण गडद, बारीक कण फिके. जपानी चित्रकार हीच खनिजे कणांच्या जाडीप्रमाणे क्रमांक लावून वेगवेगळे रंग म्हणून विकत घेतात. खाणीतले मॅलाकाइट कुटले तर हवे तेवढे भरड ठेवता येते; बीकरमध्ये वाढलेल्या मॅलाकाइटला मात्र तेवढे वाढायला वाव मिळत नाही, त्यामुळे कृत्रिम पूड बहुधा खनिजाहून फिकी असते. हे सहकाऱ्यांना आधीच सांगून ठेवले आहे. द्रावण विरळ ठेवणे, ओतणे सावकाश ठेवणे आणि मुरायला वेळ देणे, एवढेच आपल्या हातात आहे. अमोनियायुक्त द्रावणात तांबे विरघळवून अमोनिया हळूहळू उडू देण्याचा मार्गही आहे आणि त्यात अधिक भरदार स्फटिकांची आशा असते, पण त्याला धूरपेटी (वाफा बाहेर ओढून नेणारी पेटी) अखंड चालू ठेवावी लागते. आमच्याकडची धूरपेटी इतर वर्गांनाही लागते, म्हणून तो बेत सध्या बाजूला आहे.

तयार पुडीची प्रतवारी पाण्यातच करायची. मॅलाकाइटची घनता पाण्याच्या चौपट धरली, तर १० मायक्रॉन व्यासाचा गोल कण १० सेंटिमीटर पाण्यातून तळाशी यायला सुमारे नऊ मिनिटे घेतो; २ मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी पावणेचार तास लागतात, कारण वेग व्यासाच्या वर्गाप्रमाणे कमी होतो. म्हणजे उंच नळकांड्यात पूड ढवळून दहा मिनिटांनी वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतले की भरड भाग खाली उरतो. कृत्रिम कण आतून थोडे सच्छिद्र असतात, त्यामुळे प्रत्यक्षात ते या हिशेबापेक्षा थोडे सावकाश बसतील. घड्याळापेक्षा सूक्ष्मदर्शकावर विसंबलेले बरे. ध्रुवित प्रकाशात, दोन ध्रुवक आडवे-उभे लावून पाहिले, तर कृत्रिम मॅलाकाइटचे गोलसर कण काळ्या फुलीसकट दिसतात, कारण त्यांतले सुईसारखे स्फटिक केंद्रापासून बाहेर पसरलेले असतात. जुन्या चित्रांतला हिरवा खाणीचा की कारखान्याचा, हे ओळखतानाही अशा गोल कणांचा उपयोग होतो.

धुण्याचा शेवट कुठे करायचा हे डोळ्यांनी ठरत नाही. वरचे पाणी ओतून नवे घालायचे, असे करत राहायचे आणि दर वेळी त्या पाण्याच्या काही थेंबांत विरल हायड्रोक्लोरिक आम्ल व बेरियम क्लोराइड घालून पाहायचे; पांढुरका गढूळपणा येईनासा झाला की सल्फेट गेले. बेरियमचे विद्राव्य क्षार विषारी आहेत, तेव्हा ही चाचणी परीक्षानळीतच आणि मोजक्या थेंबांवर करायची. त्यानंतर पूड ५० ते ६० अंशांना वाळवायची.

आता ती पूड खरोखर मॅलाकाइट आहे का? विवर्तनाची सोय प्रत्येक महाविद्यालयात नसते, पण तराजू आणि चिनी मातीची मूस असते, आणि या प्रश्नापुरती तेवढी साधने बरीच पुरतात. नीट वाळलेले मॅलाकाइट चारशे अंशांच्या थोडे वर तापवले की पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन काळे कॉपर ऑक्साइड उरते, आणि वजन २८.०५ टक्के घटते. अझुराइट असेल तर घट ३०.८ टक्के. ब्रोकँटाइट मात्र या तापमानाला फक्त पाणी सोडते, सल्फेट धरून ठेवते. त्याची घट जेमतेम १२ टक्के. म्हणजे एक ग्रॅम पूड तापवून ०.७२ ग्रॅम उरली तर आपण बरोबर वाटेवर आहोत, ०.८ उरली तर सल्फेट शिरले आहे, आणि ०.६८ उरली तर बहुधा पूड ओली होती. याच्या जोडीला विरल आम्लात पूड पूर्ण विरघळून फेस येतो का, आणि त्या द्रावणात बेरियम क्लोराइडने गढूळपणा येतो का, हे पाहिले की ब्रोकँटाइटची शंका मिटते. ही मुशीची चाचणी मी विद्यार्थ्यांच्या मूल्यमापनातही ठेवली आहे. टक्केवारी दोन दशांशांपर्यंत काढून दाखवणाऱ्यापेक्षा वजन स्थिर होईपर्यंत पुन्हा पुन्हा तापवणाऱ्याला गुण अधिक.

चित्रकाराच्या हाती देण्याआधी बाभळीच्या डिंकात थोडी पूड घोटून कागदावर पट्ट्या ओढायच्या आहेत. घोटताना हात हलका हवा. गेरू किंवा काजळ जितके घोटावे तितके खुलते, मॅलाकाइट मात्र अधिक घोटले की फिके पडते, आणि मुरवण्यात कमावलेला कणाचा आकार खलबत्त्यात गमावला जातो. पूड कोरडी असताना मास्क लावणे आवश्यक आहे. तांब्याची धूळ नाकातोंडात जाऊ देण्यासारखी नाही.

राहिले सांडपाणी. गाळलेल्या पाण्यात थोडे तांबे उरतेच, विशेषतः सामू नीट जुळला नसेल तर. कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी आपल्याकडे तांब्याची मर्यादा लिटरमागे ३ मिलिग्रॅम आहे, आणि मासे व शेवाळ यांना तांबे त्याहून कितीतरी कमी प्रमाणातही बाधते. म्हणून सगळी धुवण एका बादलीत साठवायची, तिच्यात सोडा घालून सामू ९ च्या जवळ आणायचा, आणि दोन दिवसांनी खाली बसलेला गाळ वेगळा काढायचा. पाणी ओतण्याआधी त्यात अमोनियाचे थेंब टाकून गडद निळा रंग येत नाही ना, एवढे पाहायचे. बेरियमच्या परीक्षानळ्या या बादलीत रिकाम्या करायच्या नाहीत, त्यांची बाटली वेगळी. तो निळा-हिरवा गाळ विरल सल्फ्युरिक आम्लात विरघळवून आटवला की पुन्हा मोरचुदाचे स्फटिक मिळतात, आणि पुढच्या तुकडीसाठी लागणाऱ्या २५ ग्रॅममध्ये तेवढी भर पडते.